थंडीत गाडी कुरकुरते म्हणून घाबरू नकोस गं

हे बघ, आधी तो ताण बाजूला ठेव. आसनगावची पहाटेची लोकल चुकेल, पुढे ऑफिसात बोलणी खावी लागतील, हे सगळं मला कळतं. पण सकाळी तुझी गाडी तीन-चारदा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही आणि झाली तरी थरथरत राहते, यात तुझ्या चालवण्याचा काही दोष नाही. आणि खरं सांगू का, थंडीचाही फारसा नाही.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे पहाटे पारा १२-१३ अंशांवर आला की आपण स्वेटर शोधतो. गाडीला मात्र ही थंडी काहीच नाही. बऱ्याच बॅटऱ्यांवर सीसीए असा एक आकडा छापलेला असतो बघ. थंडीत बॅटरी किती जोर लावू शकते ते तो सांगतो, आणि तो मोजतात उणे १८ अंशांना! म्हणजे धडधाकट गाडीने इथे कुरकुरायचं कारणच नाही. कुरकुरतेय म्हणजे काहीतरी आधीच दुबळं झालंय. बॅटरी तर बहुतेक वेळा एप्रिल-मेच्या उकाड्यात खंगते, कळतं मात्र पौषात.

म्हणून उद्या सकाळी सेल्फ मारताना घाई करू नकोस, कान देऊन ऐक. इंजिन घर्रऽ घर्रऽ करत रेंगाळत फिरतंय आणि त्याच वेळी हेडलाइट मंदावतोय, तर बॅटरीकडे बघ. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो, तो घरात असूच दे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ दिसले तर ती निम्मीच भरलीय. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर तिचे दिवस भरत आले असं समज. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेवढे नाहीत, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाहीये, आणि मग नवी बॅटरी घालूनही तेच रडगाणं.

पण नवी घ्यायला धावू नकोस हं. आधी बोनेट उघडून टर्मिनल बघ. तिथे पांढरा-हिरवट थर साचला असेल तर करंट पुढे जाणार कसा? गाडी बंद करून आधी काळी, म्हणजे मायनसची वायर सोडव, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घास, पुसून कोरडं कर, जोडताना आधी लाल, शेवटी काळी. वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरव. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. आणि घर ते स्टेशन, स्टेशन ते घर एवढीच गाडी फिरत असेल तर बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. रविवारी खर्डीपर्यंत नाहीतर टोकावड्यापर्यंत एक फेरी मारून ये.

आता समज, इंजिन झपाझप फिरतंय पण पकडतच नाही. मग बॅटरीला बोल लावू नकोस, पेट्रोल बघ. किल्ली नुसती ‘ऑन’ला ने, सेल्फ मारू नको. मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज येईल, तो पेट्रोल पंपाचा. किल्ली बंद कर, पुन्हा ऑन कर, असं दोन-तीनदा झालं की मग सेल्फ मार. पहिल्या झटक्यात चालू झाली, तर रात्रीतून लाइनचं प्रेशर उतरतंय असा दाट संशय घे. हे मिस्त्रीला सांगितलंस की त्याचं अर्धं काम झालं.

चालू होऊन थरथरते, मिसिंग मारते, तर प्लग, मळलेली थ्रॉटल बॉडी आणि एअर फिल्टर हे पहिले संशयित. रोजचा रस्ता वीटभट्ट्यांवरून असेल तर फिल्टर लवकर चोंदतो, सर्व्हिसिंगची वाट बघू नकोस. गाडी सीएनजीची आहे का? बऱ्याच सीएनजी गाड्या सकाळी आधी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. टाकीत महिनोन्‌महिने तेच तळाचं पेट्रोल राहिलं तर ती चालू होणार कशी? पाव टाकी ताजं पेट्रोल ठेव आणि अधूनमधून थोडं अंतर पेट्रोलवरच चालव. डिझेलची असेल तर मीटरवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. थांबूनही पांढरा धूर सोडत कण्हत असेल, तर हीटर प्लग तपासून घे.

आणि हो, भातकापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात, त्यांना बोनेटखालची ऊब फार आवडते. कुरतडलेली एखादी वायर दिसते का, तेही बघ.

दोन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबायचं. आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून तापवत बसायचं नाही, तो धूर जीवघेणा असतो. अर्धा मिनिट पुरे, मग हळू चालवत निघ.

सगळ्यात अवघड काय, सांगू? दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरावा तसं होतं. गॅरेजपर्यंत जाईतो इंजिन गरम होतं, गाडी शहाण्यासारखी चालू होते आणि मिस्त्री म्हणतो, “ताई, काही नाही हिला.” म्हणून सकाळच्या पहिल्या सेल्फचा मोबाइलवर व्हिडिओ काढ, आवाज, मीटरवरचे दिवे, मागचा धूर, सगळं येऊ दे. तेवढ्यानेही उमगलं नाही तर गाडी रात्रभर गॅरेजवरच ठेव आणि सकाळी चालू करायच्या आधी स्कॅनर लावायला सांग. थंड इंजिनमध्ये कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. बाहेर १४ अंश आणि स्कॅनर ४० दाखवतोय, तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन गरम आहे समजून गाडी पेट्रोल कमी सोडते आणि तुझी सकाळ बिघडते.

त्या एका दिवशी एसटीने स्टेशन गाठ. आणि मिस्त्रीने काय बदललं ते बिलावर लिहून घ्यायला विसरू नकोस, काढलेला पार्टही मागून घे.