संधिकाल : ना इकडचा, ना तिकडचा

आजचं वाचन भागवताचा सातवा स्कंध, आठवा अध्याय. नृसिंहाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून आज एकाच शब्दापाशी थांबू या : संधिकाल.

हिरण्यकशिपूने वर मागताना जोड्याच्या जोड्या बंद केल्या. दिवसा मरण नको, रात्री नको. आत नको, बाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. प्रत्येक जोडीची दोन्ही टोकं त्याने धरली, मधली फट तेवढी राहिली. दार, मांडी आणि नखं या अध्यायात आहेतच. संध्याकाळची वेळ कीर्तनकार आवर्जून सांगतात. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजन्मही सूर्यास्तालाच करतात.

'संधी' म्हणजे मुळात सांधा, जोड. आपण तो 'चान्स' या अर्थानेच जास्त वापरतो. (एकटा असला की दीर्घ, समासात ऱ्हस्व : संधिकाल, संधिप्रकाश. टाइप करताना माझं हमखास चुकतं.) मधल्या प्रत्येक वेळेला मात्र संधिकाल म्हणता येत नाही. नाटकाचं मध्यंतर संपलं की तेच नाटक पुढे सुरू होतं. संधिकालाच्या दोन्ही बाजू वेगळ्या असतात. अलीकडे दिवस, पलीकडे रात्र. जेवणाची सुट्टी हे मध्यंतर. नोटीस पिरियड हा संधिकाल!

आणि हा वेळ शास्त्रात मोजलेला आहे. कृतयुगाची ४००० दिव्य वर्षं, आधी ४०० संध्येची, नंतर ४०० संध्यांशाची. युगाची बेरीज ४८०० धरतात, म्हणजे सांधा हिशोबातून वगळलेला नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुसंधी आहे : सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात. या चौदा दिवसांत जुना आहारविहार थोडा थोडा सोडायचा, नवा थोडा थोडा धरायचा. एकदम केलं तर आजार होतो, असं तो स्पष्ट सांगतो.

हे मला उशिरा कळलं. पुण्यातला करार संपला तेव्हा मी राजूरला घरी परत आले होते. वणीजवळचं आमचं राजूर कोळशाचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं. तिथे माणूस कोणत्या पाळीला जातो यावरून ओळखला जातो. मला पाळीच नव्हती. जो तो विचारायचा, "सध्या काय करतेस?" 'सध्या' आणि 'संध्या' यांचा तसा काही संबंध नाही, पण त्या दिवसांत मला दोन्ही सारखेच नकोसे वाटायचे. संध्याकाळी मी तोंडावर पांघरूण घेऊन पडायचे. आजी दिवा लावता लावता म्हणायची, "पोरी, तिनसांजा निजू नोको." कारण तिने कधी सांगितलं नाही. शेवटी चिडून मीच उठून दिवा लावायला लागले, आणि महिनाभरात तेवढं एक काम माझं झालं.

देव संधिकालातच भेटतो असं काही जण सांगतात. मला ते ठामपणे म्हणवत नाही; त्या पाच महिन्यांत मला तरी कोणी खांबातून भेटलं नाही. पण प्रल्हादाला तरी कुठे माहीत होतं की सुटका आजच्या संध्याकाळी आहे? तो कालच्यासारखाच नाम घेत होता.

उद्या नववा अध्याय, प्रल्हादाची स्तुती. तुमचा सध्या कसला संधिकाल चालू आहे ते खाली लिहा. आणि वाचत असाल तेव्हा दिवेलागणीची वेळ असेल, तर आधी दिवा लावून या.