निशीथ काही बोललाच नाही

दीपा बरोबर की चूक, हे आधी बाजूला ठेव बरं. मन्नू भंडारींची ‘यही सच है’ वाचून तू मला एवढे लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवलेस, पण सगळ्यांत तिच्यावर खटलाच. आधी म्हणे तिने संजयला फसवलं, मग म्हणे निशीथला वाऱ्यावर सोडलं. दोन्ही गुन्हे एकाच बाईच्या माथी! कथेतल्या बाईचं प्रेम जरा गुंतलेलं दिसलं की आपण लगेच निवाडा करायला बसतो.

मी अशी कथा वाचताना आधी एवढंच बघते की हे कोण सांगतंय आणि कधी सांगतंय. दीपाची गोष्ट दीपाच सांगते, डायरी लिहावी तशी, त्या त्या वेळी. वर नुसतं गावाचं नाव. कानपूरला ती एकटी राहते, संशोधन करते आणि रजनीगंधाची फुलं घेऊन उशिरा येणाऱ्या संजयची वाट बघते. तेव्हा निशीथवरचं जुनं प्रेम तिच्या लेखी अठराव्या वर्षीचा निव्वळ पोरकटपणा असतो. मुलाखतीसाठी कलकत्त्याला जाते, निशीथ भेटतो, आणि तेच पहिलं प्रेम खरं वाटायला लागतं. अगं, दोन्हीकडे ती खोटं बोलत नाही. तिला फक्त पुढचं पान माहीत नाही. तुला माहीत आहे, म्हणून तुला ती लबाड वाटते.

आता कलकत्त्याची पानं पुन्हा वाच, हातात पेन्सिल घेऊन. निशीथ तोंडाने जे बोलला त्याखाली रेघ मार. तो तिच्या नोकरीसाठी धावपळ करतो, तिला घेऊन हिंडतो, गाडी सुटताना तिच्या हातावर हात ठेवतो. पण ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं एकदाही म्हणत नाही. बाकीचं सगळं दीपाने त्याच्या गप्प बसण्यात वाचलंय. तू त्याला गूढ म्हणतेस. मला विचारशील तर तो सोयीपुरता गप्प आहे. पुढे कानपूरला त्याचं पत्र येतं, त्यातही नोकरीबद्दलचं त्रोटक अभिनंदन. निळ्या टिका पडल्या, उत्तर नाही, म्हणून रात्रभर अर्थ लावत जागणारी एक मुलगी माझ्याही ओळखीची आहे. असो, तो विषय तू भेटशील तेव्हा.

तू आधी याच कथेवरचा बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ पाहिलास, तिथे थोडा घोळ झाला. 1974 चा तो सिनेमा मलाही फार आवडतो. कानपूर-कलकत्त्याचं दिल्ली-मुंबई झालं, त्याचं काही नाही. पण पडद्यावर अमोल पालेकर तसं हसत आला की आपण संजयच्या बाजूचे होऊनच जातो. कथेत मात्र संजय दिसतो तो दीपाच्याच नजरेतून. ती वैतागलेली असली की तो बेफिकीर, विरघळलेली असली की देवमाणूस.

याच्या अगदी उलट काही हवं असेल तर चेखवची ‘द लेडी विथ द डॉग’ घे, 1899 ची. याल्टाच्या हॉटेलात लग्न झालेली अ‍ॅना अपराधी होऊन बोलत असते आणि तिचा प्रियकर गुरोव्ह सावकाश कलिंगड खात बसतो. सगळी कथा त्याच्या बाजूने चालते, तिच्या मनात आपल्याला शिरताच येत नाही. म्हणून सगळे तिला ‘बिचारी’ म्हणून मोकळे होतात. पण बिचारी वाटते ती गुरोव्हला. नवऱ्याला डॉक्टरचं निमित्त सांगून ती त्याला भेटायला मॉस्कोला येत राहते, ते बेत कोण आखतं? तीच ना?

आणि दीपाचं एक राहिलंच. शेवटी संजय फुलं घेऊन दारात येतो, ती त्याला बिलगते, आणि तू पुस्तक मिटून ‘निवडला एकदाचा’ म्हणालीस. पण तिला मिळालेली नोकरी कलकत्त्याची आहे, आणि निशीथ तिथेच राहतो. ती नोकरी दीपा घेते की नाही, हे मन्नूजींनी सांगितलेलंच नाही. कोणता पुरुष यावर तू इतकं बोललीस, पण तुझ्या एकाही मेसेजमध्ये नोकरीचं नाव नव्हतं.