समाजशास्त्र घेतलंस ना? मग बस जरा इथे

आता आपण दोघीच आहोत, तर मोकळं बोलूया. कॉलेजात समाजशास्त्र मिळाल्यापासून तुझं तोंड उतरलंय, ते मला दिसतंय. घरात आत्या म्हणाल्या, ‘त्यात काय शिकायचं, समाजातच तर राहतो आपण.’ मैत्रिणी म्हणाल्या, गाइड आण, शेवटच्या आठवड्यात पाठ कर, सुटशील. सुटशील गं, त्यात शंका नाही. पण तू भिवंडीत वाढलीस. हा विषय हातात घेऊन भिवंडीकडे बघायची संधी फार थोड्यांना मिळते, ती अशी घालवू नकोस.

आत्यांचं बोलणं आधी घेऊ, कारण अडचण तिथेच आहे. आपण समाजात राहतो, म्हणून समाज आपल्याला कळलाय असं प्रत्येकाला वाटतं. भिवंडीबद्दल तर ठाण्याच्या रिक्षावाल्यापासून टीव्हीवरच्या बाईपर्यंत सगळ्यांची मतं तयार असतात. तुझा पहिला अभ्यास म्हणजे ही तयार मतं बाजूला काढून ठेवायची आणि खरंच तसं आहे का ते बघायचं.

एक करून बघ. 2011 च्या जनगणनेत आपल्या महापालिकेच्या हद्दीत पुरुष होते सुमारे 4 लाख 15 हजार आणि स्त्रिया सुमारे 2 लाख 94 हजार. म्हणजे हजार पुरुषांमागे 709 स्त्रिया. हा आकडा वर्गात सांगितलास की कुणीतरी लगेच म्हणेल, ‘मुली नको असतात लोकांना, दुसरं काय!’ तू तिथे थांब. मुली जन्मालाच कमी आल्या असतील, तर तो खड्डा सहा वर्षांखालच्या मुलांच्या आकड्यातही तेवढाच खोल दिसायला हवा. तो आकडा वेगळा काढ आणि शेजारी ठेव. मग संध्याकाळी यंत्रमागाच्या कारखान्यांच्या गल्लीतून चाल. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेले पुरुष बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवतात. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा होतो. जेवण बिस्सीत, म्हणजे मागवाल्यांच्या खानावळीत, महिन्याच्या हिशेबावर. बायको, आई, मुली गावाला. त्या तिथल्या जनगणनेत मोजल्या गेल्या, इथल्या नाही. एका शहराचा आकडा वाचायला दुसऱ्या राज्यातलं गाव बघावं लागतं, हे ज्या दिवशी तुला जाणवेल त्या दिवशी ‘स्थलांतर’ हा धडा तुला पाठ करावा लागणार नाही.

आपल्या मामांचंच घे. लालबागला गिरणीत होते ते तुला ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मामा पुन्हा कधी आत गेले नाहीत. घरात इतकी वर्षं एकच बोललं गेलं, की मामा हट्टी, दुसरं काम धरलं नाही, नशीब फुटकं. सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचं 1959 चं पुस्तक तुमच्या पहिल्याच प्रकरणात येईल. तो म्हणतो, मोठ्या शहरात एकाचं काम गेलं तर त्या माणसाकडे बघा, पण हजारोंचं एकदम गेलं तर माणसांच्या स्वभावात कारण शोधू नका, ते समाजाच्या रचनेत शोधा. मामांना हे लावून बघ. संपाच्या काळात गिरण्यांचं कापड कुठे विणलं गेलं? बरंचसं भिवंडीच्या मागांवर. कमी मजुरी, संघटना नाही, कायद्याचा धाक नाही, म्हणून स्वस्त. एकाच्या हातचं काम गेलं आणि पन्नास किलोमीटरच्या आत दुसऱ्या कुणाला ते जास्त वाईट अटींवर मिळालं. मामांचा हट्ट खराच होता, पण त्याने एवढी मोठी उलथापालथ झाली नाही. हे कळल्यावर मला मामांकडे नीट बघता आलं.

आता जे बोलायला लोक कचरतात ते. दंगल. बाहेरगावी गेलीस की भिवंडी म्हटल्यावर हाच शब्द समोर येईल, आणि तू खाली मान घालशील किंवा भांडशील. दोन्ही करू नकोस, अभ्यास कर. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडी पेटली. मग जळगाव आणि महाडही. त्यावर न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग बसला. मे 1984 मध्ये पुन्हा तेच. पण डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. शहर तेच, माणसं तीच, धर्म तेच, दाटीवाटी तीच. मग ‘हे लोक असेच’ या उत्तराला काही अर्थ राहतो का? मध्ये काय बदललं, ते शोधायला हवं.

बदललं ते असं. 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान दोघंही एका समितीत, सोबत त्या भागातला पोलीस. नळाचं भांडण, भाड्याचं भांडण, मिरवणुकीचा रस्ता, सगळं तिथे बोललं जायचं. अफवा उठली तर विचारायला ओळखीचा माणूस होता. पुढे आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 मध्ये भारतातल्या दंगलींवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी भिवंडीचा दाखला दिला. त्यांचं म्हणणं, दोन्ही समाजांची माणसं जिथे संघटनांत, धंद्यात, कामात रोज एकत्र येतात, तिथे ठिणगी पडली तरी आग पसरत नाही. मला वाटतं, समित्यांना सगळं श्रेय देऊनही एक प्रश्न उरतो. सूत कुणाचं, माग कुणाचा, सुताला खळ लावणारी सायझिंग कुणाची, कापड उचलणारा व्यापारी कोण, ही साखळी दोन्ही समाजांतून जाते, आणि कारखाना बंद राहिला की नुकसान दोघांचं. पण ती साखळी तर 1984 लाही होती. मग ती तेव्हा का पुरली नाही? हा प्रश्न तू प्राध्यापकांना विचार. ते खूश होतील, कारण तुलना करून कारण शोधणं हीच या शास्त्राची खरी रीत आहे.

आणि आता आपल्या घरातलं. दार लोटून घे.

आपल्या पट्ट्यात भातशेती होती तिथे आज गोदामं उभी आहेत. मुंबईची जकात 2017 ला गेली, पण तोवर जकात नाक्याच्या बाहेर माल ठेवायला भिवंडी सोयीची म्हणून मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर सगळीकडे पत्र्याची छपरं चढली. जमिनीला भाव आला. आणि भाव आल्यावर प्रत्येक घरात एक दिवस येतोच. लेकींना बोलावणं जातं, गोडाचं जेवण होतं, आणि हक्कसोडपत्रावर सह्या होतात. आपल्या आत्यांनी केली, मोठ्या काकूंनी माहेरी जाऊन केली. 2005 च्या दुरुस्तीपासून कायदा सांगतो की हिंदू एकत्र कुटुंबात मुलीचा हिस्सा जन्मापासून मुलाएवढाच. आत्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. पुरतं ठाऊक होतं. तरी सही केली. कुणी दरडावलं नाही, हात धरला नाही.

मग कुणी करून घेतली? एमिल दुरखाइम म्हणून फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होता. त्याने 1895 मध्ये लिहिलं की समाजाचे काही दंडक माणसाच्या बाहेर असतात आणि त्याच्यावर दाब टाकतात. आपण त्यांच्याप्रमाणे वागतो तोवर दाब जाणवत नाही. विरुद्ध जायला लागलो की जाणवतो. आत्यांनी ‘मला माझा वाटा हवा’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार कर. भाऊबीजेचं ताट, बाळंतपणाला माहेर, सासरी काही झालं तर परत यायला एक दार, हे सगळं त्या सहीच्या दुसऱ्या पारड्यात होतं. आत्यांनी हिशेब केला, आणि त्यांच्या जागी राहून बघितलं तर तो चुकीचाही नव्हता. म्हणून ‘बायकाच बायकांच्या हक्काला जागत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. सामाजिक नियंत्रण या धड्यात पोलीस, न्यायालय आणि रूढी अशी तीन नावं येतील. रूढीचं उदाहरण म्हणून पुस्तकात काहीतरी दूरचं दिलेलं असेल. तू हक्कसोड लिही.

या विषयाचे लोक परदेशी आणि लांबचे, असंही तुला वाटत असेल. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 ला पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, आणि 1924 पासून तो सांभाळला मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. या देशातले कितीतरी समाजशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले. त्यांतल्याच एक इरावती कर्वे. नात्यागोत्यांवर त्यांनी 1953 मध्ये जे पुस्तक लिहिलं त्यासाठी त्या गावोगाव हिंडल्या. लोकांना विचारत गेल्या, कोण कुणाला काय हाक मारतं, कुणाची मुलगी कुठे देतात. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचीही त्यांनी पाहणी केली. जमीन गेल्यावर घराचं काय होतं, हा आपला प्रश्न त्यांनी तेव्हा हाताळला होता.

आणि बाबासाहेब. 1916 च्या मे महिन्यात, पंचविशीतल्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने, आणि ते टिकवायचं म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या सगळ्या साखळ्या बाईच्या पायात आल्या. तुझ्या लग्नाचं घरात आतापासूनच कुजबुजत बोलणं चाललंय ना? हा निबंध वाच आणि मग ते बोलणं ऐक. मला तुला बंड करायला शिकवायचं नाही. काय चाललंय ते तुला नीट दिसावं, एवढीच माझी इच्छा आहे. पुढचं तुझं तू ठरव, मी सोबत आहे.

परीक्षेचंही सांगते, तीही महत्त्वाची. व्याख्या दोन ओळींत लिही, विचारवंताचं नाव आणि साल लिही, आणि मग लगेच स्वतः पाहिलेलं उदाहरण. भिवंडीचं, बिस्सीचं, गोदामाचं. तपासणाऱ्याने त्या दिवशी शंभर पेपरांत तीच गाइडची उदाहरणं वाचलेली असतात. मात्र उदाहरण देऊन सोडू नकोस, ते व्याख्येला कुठे बसतं आणि कुठे बसत नाही ते एका वाक्यात सांग.

असाइनमेंटसाठी लोकांशी बोलायला जाशील तेव्हा काही गोष्टी पाळ. कशासाठी विचारतेस ते आधी सांग. नाही म्हणाले तर नमस्कार करून उठ. मागावरच्या माणसाला पाळी चालू असताना विचारू नकोस, त्याची मजुरी कापडाच्या मापावर ठरते, तुझे प्रश्न त्याच्या खिशातून जातात. बिस्सी चालवणाऱ्या बाईंकडे दुपारी तीनच्या पुढे जा, तेव्हा भांडी आवरलेली असतात. खरं नाव वहीत नको. आणि आत्यांच्या सहीबद्दल लिहायचं ठरवलंस, तर आधी आत्यांना विचार. त्या नको म्हणाल्या तर दुसरं घर शोध, अशी घरं आपल्या गावात पुष्कळ आहेत.

बाबासाहेबांचा तो निबंध महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात आहे, लांबीला अगदी लहान. कॉलेजच्या लायब्ररीत सोमवारी माग. इंग्रजी अडलं तर रविवारी घेऊन ये, दोघी मिळून वाचू.