दूरवाणी, दूरध्वनी आणि ‘बाहेरची लाइन’

बंगळूरच्या पूर्वभागातील इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या वसाहतीचे नाव दूरवाणीनगर असे आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या या कारखान्याच्या नावात ‘टेलिफोन’ कायम राहिला. वसाहतीच्या नावात मात्र कन्नड पर्याय आला. त्याच यंत्राला मराठीत ‘दूरध्वनी’ आणि हिंदीत ‘दूरभाष’ म्हणतात. तिन्ही शब्दांचे पूर्वपद एकच. भेद आहे तो उत्तरपदात. कन्नड व हिंदी यांनी बोलणे घेतले, मराठीने नुसता आवाज. मराठीला ‘वाणी’ अपरिचित होती असे नव्हे. १९३५ साली म्हैसूरच्या खाजगी नभोवाणी केंद्राशी जोडले गेलेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे मराठीनेही आपले मानले. तथापि बोलीत ‘वाणी’ म्हणताच किराणा दुकानदार आधी आठवतो, हेही खरे.

परिभाषेचा खरा कस लागतो तो कचेरीतील केंद्रापाशी. ‘प्रायव्हेट ब्रँच एक्सचेंज’ याचे शब्दशः रूपांतर ‘खाजगी शाखा विनिमय केंद्र’ असे होईल. परंतु ‘शाखा’ वाचून वाचकास बँकेची शाखा अभिप्रेत वाटेल. वस्तुतः पन्नास टेबलांवरील यंत्रे सार्वजनिक केंद्राकडे जाणाऱ्या पाच-सहा तारांवर भागवतात, कारण सर्वजण एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत. या व्यवस्थेचे सारे अर्थकारण इतकेच. इंग्रजीत त्या तारांना ‘ट्रंक’ म्हणतात. मूळ प्रतिमा झाडाची आहे: ट्रंक म्हणजे खोड, ब्रँच म्हणजे फांदी. मराठी कानाला मात्र ‘ट्रंक’ म्हणजे लोखंडी पेटी. प्रतिमा सुटली, शब्द राहिला. कचेरीतल्या माणसांनी मग ‘बाहेरची लाइन’ आणि ‘आतला नंबर’ असे शब्द योजले. कोशातील कोणत्याही समासापेक्षा ते कार्य अधिक अचूक सांगतात.

‘स्वयंचलित’ या विशेषणाचीही अशीच अडचण आहे. स्ट्राउजर याने १८९१ साली स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळविले आणि कालांतराने सार्वजनिक केंद्रांतून जोडणी करणारा माणूस हटला. कचेरीत मात्र आतल्या आत बोलणे स्वयंचलित झाले तरी बाहेरून आलेला फोन योग्य टेबलाकडे देण्यास माणूस लागतच होता. त्याला मराठीत ‘दूरध्वनी चालक’ म्हटले गेले. यंत्र स्वयंचलित आणि तरीही त्याला चालक, हा विरोधाभास परिभाषाकारांच्या ध्यानी आलेला दिसत नाही.

मराठीचे सामर्थ्य येथे नामांत नसून क्रियापदांत आहे. फोन ‘लावणे’ आणि ‘लागणे’ ही जोडी पाहावी. ‘लावला, पण लागला नाही’ या चार-पाच शब्दांत बोलणाऱ्याचा प्रयत्न आणि केंद्राचे अपयश दोन्ही वेगळी होतात. ‘लाइन जोडून देणे’ या प्रयोगात तर ‘विनिमय’ शब्दाने सांगावयाचे ते सर्व येते; ‘दूरध्वनी केंद्र’ म्हणताना तो गाळल्याने म्हणूनच काही बिघडले नाही.

१९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने, जिचे काम दिल्ली व बंगळूर येथे चाले, १२८ जोडण्यांचे इलेक्ट्रॉनिक केंद्र रचले. तेच तंत्र कचेरीत बसविले की ‘खाजगी शाखा केंद्र’ आणि खेड्यात बसविले की ‘ग्रामीण स्वयंचलित केंद्र’! नाव यंत्राच्या रचनेवरून नव्हे, त्याच्या जागेवरून ठरले. असे ग्रामीण केंद्र १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. या जिल्ह्यात दूरवाणी आणि दूरध्वनी हे दोन्ही शब्द पाट्यांवर वाचावयास मिळत. बोलताना मात्र कन्नड व मराठी दोन्ही भाषक ‘फोन’च म्हणत.