रांग लवकर कशी सरकते?

शुल्क भरण्याचे दिवस आले की शाळेच्या खिडकीपुढे रांग लागते आणि "बाबूजींचा हात सावकाश चालतो" अशी तक्रार माझ्यापर्यंत येते. पण रांग खरोखर हाताच्या वेगानेच सरकते काय? उत्तरासाठी आज आपण जर्मनीतील एका दुकानाकडे पाहू या.

एसेन शहरातील कार्ल व थिओ आल्ब्रेख्त या बंधूंनी आईच्या लहानशा किराणा दुकानातून स्वस्त विक्रीच्या दुकानांची साखळी उभी केली. तिचे नाव 'आल्डी'. तेथील रोखपालांचा वेग प्रसिद्ध आहे. स्कॅनर येण्यापूर्वी त्यांना वस्तूंच्या किमती किंवा सांकेतिक आकडे तोंडपाठ असत. मोठ्या सुपरमार्केटात हजारो वस्तू असतात. आल्डीने मोजक्याच ठेवल्या, म्हणून हे पाठांतर शक्य झाले.

पुढे स्कॅनर आले. मग आल्डीने आपल्या वेष्टनांवर बारकोड मोठा आणि एकाहून अधिक बाजूंना छापला, म्हणजे वस्तू उलटसुलट करून तो शोधावा लागत नाही. ग्राहक सामान सरकत्या पट्ट्यावर स्वतः मांडतो. रोखपाल बसल्या जागी ते पुढे सारतो. पिशवी भरण्याचे काम खिडकीवर होत नाही. त्यासाठी बाजूला वेगळा कट्टा असतो. म्हणजे वेगाचे रहस्य केवळ हातात नाही. खिडकीवर जे काम करण्याची गरज नाही, ते आधी किंवा नंतर उरकलेले असते.

वेगात चूक झाली तर? त्याची सोय बारकोडमध्येच आहे. दुकानात बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथे. ती होती च्युइंगमची एक पुडी. आपल्याकडील वस्तूंवर बहुधा १३ अंकी क्रमांक असतो आणि त्याचा शेवटचा अंक पहारेकरी असतो. उदाहरणार्थ ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा अंकांपैकी विषम स्थानांच्या अंकांची बेरीज २८. सम स्थानांच्या अंकांची बेरीज ३४. तिची तिप्पट १०२. एकूण १३०. यात शेवटचा अंक ० मिळवला की १० ने निःशेष भाग जातो, म्हणून क्रमांक बरोबर. कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेला तर भाग जात नाही आणि यंत्र तो क्रमांक स्वीकारत नाही.

मात्र वेग सर्वांनाच सोयीचा नसतो. वृद्ध माणसाची त्यात धांदल उडते आणि एकट्या माणसाला तर दोन शब्द बोलायचे असतात. नेदरलँड्समधील 'युम्बो' या साखळीने २०१९ साली एका दुकानात मुद्दाम सावकाश चालणारी गप्पांची खिडकी सुरू केली. पुढे ती अनेक दुकानांत आली. वेग आणि आपुलकी दोन्हींना जागा हवी, हे त्यांनी ओळखले.

आता आपल्या खिडकीकडे वळू. पावतीवर नाव, वर्ग व हजेरी क्रमांक घरूनच लिहून आणावा आणि रक्कम मोजून आणावी, अशी पालकांना नम्र विनंती. नववीचे विद्यार्थी घड्याळ घेऊन कोणत्या कामास किती वेळ लागतो याची नोंद करतील. आजी-आजोबांसाठी एक वेगळी, निवांत खिडकी असावी, असा प्रस्ताव ती नोंद जोडून मी विश्वस्त मंडळापुढे ठेवणार आहे. तोवर बाबूजींना दोष देऊ नये.

गृहपाठ : घरातील पाच वस्तूंचे १३ अंकी क्रमांक वहीत उतरवा आणि शेवटचा अंक झाकून तो स्वतः काढून दाखवा.