सरासरी नको, प्रगती पाहा

प्रश्न : मिस्टरांना अमेरिकेत मिसुरीच्या ग्रामीण कौंटीत नोकरी मिळते आहे. तिथल्या सरकारी शाळेला शाळांची गुणवारी देणाऱ्या एका संकेतस्थळावर दहापैकी चारच गुण आहेत. मुलगी सातवीत आहे. जावं का?

उत्तर : केवळ त्या चार गुणांवरून नकार देऊ नका. सरासरी निकालात शिकवण्यापेक्षा पालकांची मिळकतच बहुधा जास्त उतरते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण-संशोधक शॉन रिअर्डन यांनी तिसरी ते आठवीच्या देशभरातील निकालांवरून दाखवलं आहे, की सरासरी कमी असलेल्या गरीब भागांतही मुलं दरवर्षी झपाट्याने पुढे जाऊ शकतात. म्हणून २०१५च्या अमेरिकी संघीय शिक्षण कायद्याने राज्याला प्रसिद्ध करावा लागणारा शालेय अहवाल उघडा आणि सलग तीन वर्षांची प्रगती पाहा. एकाच वर्षाच्या आकड्यावर विसंबू नका, कारण वर्गात वीसच मुलं असली, तर दोघांच्या निकालाने टक्केवारी दहाने हलते. लहान शाळेत विषय कमी मिळतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि लवकरच हायस्कूलला जाणाऱ्या तुमच्या मुलीसाठी तोच कळीचा. हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र आहे का, कम्युनिटी कॉलेजचे वर्ग करता येतात का, दरवर्षी किती शिक्षक सोडून जातात, हे मुख्याध्यापकांना थेट विचारा. मिसुरीत अनेक ग्रामीण शाळा आठवड्यातून चारच दिवस भरतात, तेही विचारा. एका कौंटीत अनेक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग, असू शकतात. घराचा करार करण्यापूर्वी तो पत्ता कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो, याची खात्री त्या डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाकडूनच करून घ्या.