कसर, गंज आणि दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं

आजचं वाचन : मत्तय ६:१९-२३



मला जुनी छापील धार्मिक चित्रं जमवायला आवडतात. विशेषतः राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, म्हणजे १८३७ ते १९०१ मधली एनग्रेव्हिंग्ज. आजच्या उताऱ्यात प्रभू थेट साठवण्याबद्दलच बोलतो, त्यामुळे हा छंद बाजूला ठेवून हे वचन वाचणं मला जमत नाही. प्रश्न साधा आहे : साठवलेली वस्तू 'धार्मिक' असेल, तर ती आपोआप स्वर्गातली संपत्ती होते का?

आधी ही चित्रं कशी बनायची ते पाहू. फोटो छापण्याचं तंत्र रुळायच्या आधी पुस्तकातली बरीच चित्रं बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर हाताने कोरली जात. जो भाग पांढरा दिसायला हवा तो कोरून काढायचा, उरलेल्या उंच भागाला शाई लागते. ठोकळ्याची उंची अक्षरांच्या खिळ्यांइतकीच असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापता येई. बॉक्सवुडचं खोड बारीक असतं, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे एकमेकांना जोडत. दुसरा प्रकार पोलादी प्लेटचा. तिथे उलटं होतं : शाई कोरलेल्या रेषेच्या आत बसते आणि मोठ्या दाबाखाली कागदावर उतरते. समास कापलेला नसेल, तर कागदावर प्लेटच्या कडेची खूण दिसते. साधं भिंग घेऊन बघा. सलग, जाड-बारीक होणाऱ्या रेषा दिसल्या तर ते बहुधा कोरीव काम, आणि एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची यांत्रिक छपाई.

या काळातलं गाजलेलं नाव म्हणजे फ्रान्सचा गुस्ताव्ह डोरे. त्याचं सचित्र बायबल १८६६ मध्ये आलं. दोनशेहून जास्त चित्रं होती. लंडनच्या कॅसल प्रकाशनाने इंग्रजी आवृत्ती काढली आणि ब्रिटनमध्ये ती घरोघरी पोचली. डोरे चित्र काढायचा, कोरायचे मात्र पिझांसारखे कसबी कारागीर. अनेक चित्रांत खाली एका कोपऱ्यात डोरेचं नाव असतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं. त्या चित्रांतला तो प्रसिद्ध प्रकाश शाईने आलेला नाही. कारागिराने जिथे लाकूड काढून टाकलं, तिथे तो आला.

आता वचनाकडे. एकोणिसाव्या ओवीत प्रभू नाश करणाऱ्या तीन गोष्टी सांगतो : कसर, गंज आणि चोर. ज्या ग्रीक शब्दासाठी आपण 'गंज' वाचतो, त्याचा मूळ अर्थ 'खाणं' असा आहे. जुन्या कागदाचा संग्रह करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वाढला. त्यातलं आम्ल कागदाला आतूनच खातं आणि पान पिवळं, ठिसूळ होतं. ओलाव्याने तपकिरी डाग पडतात. मुंबईचा एक पावसाळा पुरतो. कसर तर खरोखरच येते. आम्लविरहित फोल्डर, कोरडी जागा, उन्हापासून दूर, हे सगळं करावं. पण त्याने नाश फक्त लांबतो. चित्रात पुनरुत्थान असलं म्हणून कागद अमर होत नाही.

याहून अवघड गोष्ट बाजारातली आहे. सुटी चित्रं येतात कुठून? बऱ्याचदा अख्खं बायबल उसवून. जाडजूड, बांधणी ढिली झालेलं पुस्तक एकगठ्ठा विकण्यापेक्षा पानं सुटी विकली की जास्त पैसे मिळतात. हिशेब सरळ आहे. व्हिक्टोरियन काळातल्या कौटुंबिक बायबलांत अनेकदा जन्म, लग्न आणि मृत्यू लिहायची खास पानं असत. एखाद्या आईने स्वतःच्या हाताने बाळाचं नाव लिहिलेलं असतं. चित्रं विकली जातात, उरलेल्या मजकुराला आणि त्या नावांना गिऱ्हाईक नसतं. म्हणजे शास्त्रातलं चित्र भिंतीवर लावण्यासाठी शास्त्रच फाडलं जातं, आणि ते मागणारे आपण, भक्त मंडळी!

म्हणून मी एक नियम केलाय : आता फोडलेल्या बायबलमधलं सुटं पान घ्यायचं नाही. सुटी चित्रं म्हणूनच छापून विकलेली एनग्रेव्हिंग्ज मिळतात. होल्मन हंटच्या 'जगाचा प्रकाश' या चित्रावरून डब्ल्यू. एच. सिमन्सने कोरलेली प्रत अशीच भिंतीवर लावण्यासाठी निघाली होती. नाहीतर पुस्तक अख्खं घ्यायचं, आणि घेतलं तर वाचायचं.

एकविसावी ओवी नीट बघा. आपल्याला वाटतं, मन जिथे असतं तिथे आपण पैसा घालतो. प्रभू बाण उलटा काढतो : धन जिथे ठेवाल, तिथे मन मागोमाग जाईल. आज लिलावाच्या पानावर पाच वेळा रिफ्रेश मारला असेल, तर मन कुठे गेलंय हे तपासायला वेगळं अ‍ॅप लागत नाही.

पुढच्याच ओवीत डोळ्याची गोष्ट येते, आणि ती इथे उगाच आलेली नाही. यहुदी बोलण्यात 'वाईट डोळा' म्हणजे हावरी, कंजूष नजर. एकच चित्र दोन डोळ्यांनी बघता येतं. एक डोळा विचारतो, 'हे माझ्याकडे का नाही?' दुसरा विचारतो, 'यात प्रभू काय करतोय?' पहिल्या डोळ्याला संग्रह कधीच पुरत नाही. दुसऱ्याला मोबाइलवर फुकट बघितलेलं चित्रही पुरतं.

तुमचा छंद वेगळा असेल : स्नीकर्स, गिटार, जुनी घड्याळं. गोष्ट तीच.

आज करून बघा : तुम्ही जमवलेल्या वस्तूंपैकी एक निवडा. ती उद्या गेली तर काय वाटेल, हे प्रामाणिकपणे वहीत लिहा. मग ती या आठवड्यात कुणाला तरी दाखवा, वापरायला द्या, किंवा देऊनच टाका.

प्रार्थना : प्रभू, सुंदर गोष्टी करणारे हात तूच दिलेस, त्याबद्दल आभार. आमचा डोळा निर्मळ कर. जे कसर खाणार आहे ते सैल हाताने धरायला शिकव, आणि आमचं मन तुझ्यापाशी ठेव. येशूच्या नावात, आमेन.